मनोविकारतज्ज्ञांऐवजी सिस्टरांकडे फेरतपासणी: मुलुंडमधील एका दवाखान्याविषयी अभिप्राय

मुलुंड पश्चिमेच्या ज्या खासगी मनोविकार दवाखान्यात मी गेली काही वर्षे उपचार घेत आहे, तिथे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांची दरमहाची फेरतपासणी आता डॉक्टरांऐवजी एक सिस्टर करतात. त्यांनी मानसोपचार परिचर्या या विषयात एम.एस्सी. नर्सिंग केलेले आहे. पहिली तपासणी, निदान आणि औषधांची निवड हे सर्व डॉक्टर करतात, पुढेही साधारणपणे दर तिसऱ्या भेटीला रुग्णाला स्वतः पाहतात, आणि मधल्या भेटी सिस्टरांकडे असतात. या व्यवस्थेविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण "आज डॉक्टर नाहीत, सिस्टर बघतील" हे ऐकताच नंबर सोडून निघून जाणारी माणसे मी तिथल्या बाकावर बसून पाहिली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी आपले नुकसानच करून घेतले असे माझे मत आहे. दवाखान्याचे नाव मी देत नाही. रुग्ण म्हणून माझी ओळख उघड होऊ नये, एवढेच त्यामागचे कारण आहे.

मला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा आजार आहे आणि माझे मुख्य औषध लिथियम आहे. हे औषध जुने, स्वस्त आणि गुणकारी असले तरी त्याचा उपयोग आणि त्याची बाधा यांमधले अंतर फार थोडे असते. रक्तातली त्याची पातळी सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटरच्या दरम्यान ठेवतात, आणि ती १.५ च्या पुढे गेली की विषबाधेची लक्षणे दिसू लागण्याची भीती असते. लिथियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडांवाटे, त्यामुळे अंगातले पाणी किंवा मीठ कमी झाले तर गोळी तेवढीच राहूनही पातळी चढते. दीर्घकाळ औषध चालू राहिल्यास थायरॉईड आणि मूत्रपिंडे यांच्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि कॅल्शियम याही रक्ताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. थोडक्यात, निदान पक्के झालेल्या माझ्यासारख्या रुग्णाला दरमहा नव्या निदानाची गरज नसते. गरज असते ती बारीकसारीक गोष्टींवर नेमाने लक्ष ठेवणाऱ्या, प्रश्न विचारायला पुरेसा वेळ असलेल्या जाणकार माणसाची.

तो वेळ मला पूर्वी कधीच मिळाला नव्हता. याआधी मी ज्या मोठ्या रुग्णालयात जात असे, तिथल्या डॉक्टरांच्या विद्वत्तेबद्दल मला शंका नाही, पण बाहेर दाराशी रुग्ण ताटकळत असताना आत मिळणारी चार-पाच मिनिटे "झोप येते का, भूक लागते का, औषध चालू ठेवा" यातच संपत. एकदा लिथियमची पातळी थोडी जास्त आली, तेव्हा केवळ आकडा पाहून गोळीचे प्रमाण कमी करण्यात आले. काही आठवड्यांत माझी झोप तुटली, बोलणे वाढले, खर्च वाढला, आणि कार्यालयातून रजा घेऊन घरी बसावे लागले. त्या आकड्यामागे काय असू शकत होते, हे मला बऱ्याच काळाने या सिस्टरांच्या एका प्रश्नामुळे कळले.

तो प्रसंग असा. माझा अहवाल १.०५ असा आला होता. सिस्टरांनी कागद हातात घेतला आणि लगेच विचारले, "ताई, रक्त किती वाजता घेतलं? आणि आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली होती?" लॅबचा मुलगा घरी सकाळी साडेसहालाच आला होता आणि रात्रीची गोळी मी नेहमीप्रमाणे साडेदहाला घेतली होती, म्हणजे मध्ये जेमतेम आठ तास गेले होते. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. त्याआधी दिले तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. सिस्टरांनी अहवालावर लाल पेनाने "८ तास" असे लिहिले, गोळीत बदल न सुचवता पुन्हा चाचणी करण्याची शिफारस केली, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची, लॅबवाल्याला साडेदहाच्या आधी बोलवायचे नाही, हे माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर नोंदवून दिले. डॉक्टरांनी त्यावर सही केली. दुसऱ्यांदा योग्य वेळी दिलेल्या रक्ताची पातळी ०.८ निघाली. पूर्वीच्या रुग्णालयात हा प्रश्न कुणी विचारला असता, तर माझी गोळी कदाचित कमी झालीच नसती.

बाकीची तपासणीही अशीच पद्धतशीर असते. वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब यांची नोंद होते, कारण लिथियमच्या जोडीला मिळणाऱ्या दुसऱ्या गोळीने वजन आणि साखर वाढू शकते. मग सिस्टर दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगतात आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवतात. हाताला नुसत्या डोळ्यांना न दिसणारी थरथर असेल तर कागदाची कड हलते. लिथियमने हाताला हलका कंप येणे नेहमीचे आहे, पण तो ठळक झाला, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ती धोक्याची खूण असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते, हे त्यांनी मला आणि माझ्या यजमानांना समोरासमोर बसवून समजावले. झोपेबद्दल विचारताना अंथरुणावर किती वाजता पडलात, डोळा किती वाजता लागला आणि जाग कधी आली, असे तीन वेगळे प्रश्न असतात. आत्महत्येच्या विचारांबद्दलही त्या आडवळणाने विचारत नाहीत. "मरून जावं, संपवून टाकावं असं गेल्या महिन्यात कधी वाटलं का?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत, त्याच शांत आवाजात येतो. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसता विचार शिरतो ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे, हे संशोधनातून स्पष्ट झालेले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, कुणीतरी स्पष्ट विचारले की खरे उत्तर देणे सोपे जाते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची आपल्या घरातल्या रीतिभातींची जाण. श्रावणाच्या अखेरच्या भेटीत त्यांनी आपण होऊन विचारले, "हरतालिका निर्जळी करता का?" मी लग्नापासून करत आले होते आणि कुठल्याही डॉक्टरांनी त्याबद्दल मला कधी विचारले नव्हते. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता लिथियमच्या गोळ्या घेत राहणे किती धोक्याचे आहे, हे सांगताना त्यांनी उपासाला नावे ठेवली नाहीत. उपास करा, फळे-दूध घ्या, पण पाणी सोडू नका आणि मीठही एकदम वर्ज्य करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या सासूबाई बाहेर बसल्या होत्या. सिस्टर स्वतः उठून त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आई, औषध चालू असलेल्या माणसाला व्रतात सूट असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सूनबाईंना पाणी प्यायला तुम्हीच लावा." सासूबाईंनी ते मानले, आणि जो विषय मला घरात काढता आला नसता तो दोन मिनिटांत मिटला. ऑक्टोबरच्या उन्हात लोकलने ये-जा करताना किती पाणी प्यावे, जेवणातले मीठ एकाएकी कमी-जास्त का करू नये, याही गोष्टी मला इथेच प्रथम कळल्या.

पावसाळ्यात मला चिकुनगुन्या झाला तेव्हा या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. सांधे इतके दुखत होते की आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक लिहून दिले. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी लिथियम मूत्रपिंडांतून बाहेर पडणे मंदावते आणि पातळी वाढते. केमिस्टकडे सर्रास मिळणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असते. फाईलवर चिकटवलेली सूचना पाहून यजमानांनी दवाखान्यात फोन केला. सिस्टरांनी ताप, लघवीचे प्रमाण, उलट्या, हाताचा कंप अशी एकामागून एक चौकशी केली, डायक्लोफिनॅक घेऊ नका असे सांगितले आणि पुढचा निर्णय स्वतः न घेता तो फोन डॉक्टरांना जोडून दिला. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यायचे, ताप उतरेपर्यंत लिथियमचे प्रमाण किती ठेवायचे आणि रक्त कधी तपासायचे, हे डॉक्टरांनी ठरवले. आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपला अधिकार कुठे संपतो, या दोन्हींचे भान एकाच माणसात असणे ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

अधिकाराचा हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण परदेशातले ऐकून अनेकांचा गोंधळ होतो. माझी नणंद अमेरिकेत टेक्सासला असते आणि तिची नैराश्यावरची औषधे तिथली सायकिअ‍ॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनर स्वतः लिहून देते. नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना अमेरिकेत १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून पुढे आली. मनोविकारांत काम करणाऱ्या तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरने नोंदणीकृत परिचारिका झाल्यावर पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट घेतलेली असते आणि राष्ट्रीय पातळीवरचे प्रमाणपत्र मिळवलेले असते. मनोविकारतज्ज्ञाचा मार्ग याहून बराच लांबचा आहे: चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर चार वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण. अधिकार राज्यागणिक बदलतात. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीविना काम करू शकते. टेक्सासमध्ये तिला औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो.

नणंदेचा अनुभव मिश्र आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे नव्या रुग्णाला कित्येक महिने वेळ मिळत नव्हती, तिथे नर्स प्रॅक्टिशनरने तिला लवकर पाहिले आणि औषधाने तिला गुणही आला. परंतु पहिली भेट छोट्याशा व्हिडिओ कॉलवर झाली, थायरॉईडची तपासणी सांगितली गेली नाही, आणि थकव्याचे अर्धे कारण थायरॉईड हे होते, ते पुढे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे कळले. हे एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडूनही सुटले असते, हे मी मान्य करते. तरीही पहिल्या तपासणीत मनाच्या लक्षणांमागे शरीराचा आजार तर नाही ना, हे पाहण्यासाठी वैद्यकाचे संपूर्ण शिक्षण झालेले डॉक्टरच समोर असावेत, या मताला मी त्यानंतर अधिकच चिकटून आहे.

आपल्याकडे कायदाही याच बाजूचा आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य परिचारिकेला स्वतंत्र ओळख दिलेली आहे आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणी करण्याची तरतूद आहे. पण आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध वा उपचार कुणीही सुचवू नयेत, असेही तोच कायदा सांगतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता आणि प्रसूतिसेवा या क्षेत्रांत नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आणले आहेत, परंतु मनोविकारांवर स्वतःच्या अधिकारात औषधे लिहून देणारी परिचारिका आपल्याकडे नाही. त्यामुळे मुलुंडच्या दवाखान्यात सिस्टर टिपण तयार करतात, डॉक्टर ते वाचतात, गरज वाटल्यास रुग्णाशी दोन शब्द बोलतात आणि चिठ्ठीवर सही त्यांचीच असते. अल्प्राझोलामसारखे चिंता कमी करणारे औषध असेल तर ही सही फार महत्त्वाची ठरते, कारण ते औषध नियमांतल्या एच-१ या कडक नियंत्रणाच्या अनुसूचीत येते आणि केमिस्टला औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते.

आता उणिवांकडे वळते. पहिली आणि माझ्या दृष्टीने गंभीर उणीव अशी, की वेळ घेताना आपल्याला कोण तपासणार हे आपण होऊन सांगितले जात नाही. दारावरच्या पाटीवर केवळ डॉक्टरांचे नाव आहे, पावतीवर नुसते "कन्सल्टेशन" लिहिलेले असते, आणि नवखा माणूस सिस्टरांनाच डॉक्टर समजून घरी जातो. सिस्टर स्वतः प्रत्येकाला आपली ओळख नीट करून देतात, पण ते काम स्वागतकक्षात आणि फोनवरच व्हायला हवे. आपल्यावर उपचार करणाऱ्याचे शिक्षण काय आहे हे जाणण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि ते उघडपणे सांगितले तर बाकावरून उठून जाणाऱ्यांची संख्याही कमी होईल, असे मला वाटते.

दुसरी अडचण सहीची. डॉक्टर दुसऱ्या ठिकाणी असले की चिठ्ठीसाठी खोळंबावे लागते. तपासणी होऊन गेल्यावर तासभर नुसते बसून राहणे नोकरदार माणसाला परवडत नाही, आणि नैराश्याने आधीच गळून गेलेल्या माणसाचा तर त्या बसण्याने अंतच पाहिला जातो. ठरावीक वेळी डॉक्टर उपलब्ध असतील अशाच वेळेत सिस्टरांच्या भेटी ठेवल्या तर हा त्रास वाचेल.

तिसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. ही सगळी व्यवस्था एकाच व्यक्तीवर उभी आहे. सिस्टर रजेवर असताना त्यांच्या जागी मनोविकारांचे प्रशिक्षण नसलेल्या एका परिचारिकेला बसवले होते. तिने छापील फॉर्मवरच्या चौकटी भरल्या, कागद ठेवून हात पाहिले नाहीत, रक्त कधी दिले हे विचारले नाही, आणि भेट काही मिनिटांत संपली. बिचारीचा त्यात काही दोष नव्हता. जे शिकवलेच नाही ते तिने कुठून करावे? पण फी मात्र तीच घेतली गेली, आणि हे योग्य नव्हे. अशा वेळी भेट पुढे ढकलावी किंवा डॉक्टरांनी पाहावे.

फीचा विषय निघालाच आहे तर, डॉक्टरांच्या फेरतपासणीला पंधराशे रुपये आणि सिस्टरांच्या भेटीला सातशे असा सध्याचा दर आहे. दरमहा येणाऱ्या रुग्णाच्या घरी हा फरक जाणवतो, शिवाय सिस्टरांकडची भेट वीस-पंचवीस मिनिटांची असते. सातशे रुपयांत समुपदेशनही होईल अशी अपेक्षा मात्र कुणी ठेवू नये. सिस्टर धीर देतात, मनापासून ऐकून घेतात, पण ती मानसोपचाराची बैठक नव्हे. त्यासाठी दवाखान्यात वेगळ्या मानसशास्त्रज्ञ येतात आणि त्यांची फी वेगळी असते.

या सेवेची शिफारस मी कोणाला करीन? ज्यांचे निदान ठरलेले आहे, औषधे बसलेली आहेत आणि ज्यांना नियमित देखरेख हवी आहे, त्यांनी नि:शंकपणे सिस्टरांकडे जावे; लिथियम, क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरचे एक औषध) किंवा वजन-साखर वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांपेक्षा इथे अधिक मिळेल. पहिल्यांदा दाखवायला येणाऱ्यांनी, गरोदर असलेल्या किंवा गरोदरपणाचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी, मुख्य औषध बदलायची वेळ आलेल्यांनी आणि भास, संशय किंवा उन्माद नव्याने सुरू झालेल्यांनी डॉक्टरांचाच आग्रह धरावा आणि त्यात जराही संकोच करू नये. मनात जीव देण्याचे विचार असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला गाठावे, आणि बोलायला कुणी हवे असल्यास सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा दिवसरात्र, नि:शुल्क उपलब्ध आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते, की आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मुंबईत डॉक्टर तरी आहेत, कसारा-कर्जतच्या पुढे गेले की तेही दुर्मिळ होतात. अशा परिस्थितीत प्रशिक्षित परिचारिकांना केवळ इंजेक्शन देण्यापुरते आणि वॉर्ड सांभाळण्यापुरते ठेवणे मला अन्यायाचे वाटते. प्रत्येक मनोविकार दवाखान्यात अशी एक तरी सिस्टर असावी, तिच्या मागे प्रत्यक्ष उपलब्ध असलेले डॉक्टर असावेत आणि दोघांच्या कामाची वाटणी रुग्णाला लेखी दिलेली असावी. मुलुंडच्या दवाखान्याने पहिल्या दोन गोष्टी केल्या आहेत. तिसरीसाठी मी त्यांना पत्र दिले आहे.

जाणाऱ्यांनी वेळ घेताना फोनवरच "सिस्टरांकडे की डॉक्टरांकडे" हे स्पष्ट विचारून घ्यावे. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, त्या मानाने शनिवारी सकाळी गर्दी कमी असते आणि डॉक्टरही हजर असल्याने सहीसाठी थांबावे लागत नाही. सोबत जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, त्यांत रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही आल्या, आणि रक्ताचा अहवाल न्यावा. अहवालावर रक्त घेतल्याची वेळ छापलेली नसेल तर ती लॅबमधूनच लिहून घ्यावी.